व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप फाटला? मग ज्याने तो पहिल्यांदा खिडकीतून घरात सोडला, त्या ह्यूबर्ट बूथची गोष्ट वाचाच

दिवाळीच्या आधीचा रविवार. गिरगाव, दादर, लालबाग, कुठल्याही बिल्डिंगमध्ये जा, चित्र साधारण एकच दिसेल. माळ्यावरून वर्षभर धूळ खात पडलेला व्हॅक्यूम क्लीनर खाली उतरवलेला असतो. बटण दाबलं की तो घर डोक्यावर घेतो, शेजारचे काका डोकावून जातात, पण गादीवरचा साधा केससुद्धा जागचा हलत नाही.

मग घरात बैठक बसते. मोटर गेली असं एक जण म्हणतो. मशीन जुनं झालं, भंगारात द्या, असं दुसरा म्हणतो. तिसऱ्याने तोपर्यंत मोबाइलवर नव्या मशीनचे भाव बघायला घेतलेले असतात. आणि बऱ्याच वेळा खरा गुन्हेगार सगळ्यांच्या समोर जमिनीवर वेटोळं घालून पडलेला असतो. पाइप! हँडलच्या मानेपाशी त्याला बोटभर चीर गेलेली असते. मशीन इमानेइतबारे हवा ओढत असतं, पण ती गादीतून नाही, त्या चिरेतून.

ही चीर कशी शोधायची, पाइप कसा बदलायचा, ते सगळं खाली सांगतोच. पण त्याआधी एका माणसाला भेटू. व्हॅक्यूम क्लीनर हे मशीन ज्याच्या डोक्यातून आलं आणि ज्याच्या मशीनमध्ये पाइप हाच सगळ्यात मोठा हिरो होता, तो माणूस. नाव ह्यूबर्ट सेसिल बूथ. आज त्याचं नाव फारसं कुणाला आठवत नाही, आणि त्यामागेही तो पाइपच आहे.

बूथचा जन्म ४ जुलै १८७१ चा, इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरातला. वडिलांचा लाकडाचा व्यापार. पोरगं अभ्यासात हुशार निघालं. १८८९ मध्ये तो लंडनच्या सेंट्रल टेक्निकल कॉलेजात दाखल झाला, तिथे इंजिनिअरिंग शिकला आणि १८९२ च्या डिसेंबरात मॉडस्ले, सन्स अँड फील्ड या नामांकित कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून लागला. म्हणजे नकाशे काढणारा. ही कंपनी जहाजांची इंजिनं बनवायची. ब्रिटिश नौदलाच्या युद्धनौकांच्या इंजिनांवर बूथनेही काम केलं.

याच काळात त्याच्या वाट्याला एक भलतंच काम आलं. आकाशपाळणे! जत्रेत आपण बसतो ते नाहीत, पोलादाचे राक्षसी पाळणे. ब्लॅकपूल, व्हिएन्ना आणि पॅरिस अशा तीन शहरांतल्या पाळण्यांच्या कामात तो होता. यातला व्हिएन्नाचा पाळणा १८९७ चा. उंची जवळपास ६५ मीटर, म्हणजे वीस-एकवीस मजली टॉवरएवढी. दुसऱ्या महायुद्धात १९४४ मध्ये तो जळाला, नंतर निम्मेच डबे लावून पुन्हा उभा केला, आणि आजही फिरतोय. व्हिएन्नाला जाणारा प्रत्येक पर्यटक त्याच्यासमोर सेल्फी काढतो.

सांगायचा मुद्दा हा, की बूथ काही घरगुती वस्तूंचा माणूस नव्हता. पूल, इंजिनं, पाळणे, सगळं अजस्र. झाडू-पोछ्याशी त्याचा संबंध येण्याचं काही कारणच नव्हतं.

तो आला १९०१ मध्ये.

लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधल्या एम्पायर म्युझिक हॉलमध्ये एक अमेरिकन गृहस्थ आपलं नवं मशीन दाखवणार होता. गालिचे साफ करायचं मशीन. बूथ बघायला गेला. मशीन काय करायचं, तर गालिच्यावर जोरात हवा सोडायचं. हवेने धूळ उडावी आणि वर बसवलेल्या पेटीत जाऊन पडावी, अशी कल्पना. प्रत्यक्षात थोडी धूळ पेटीत गेली, बाकीची हॉलभर उडाली आणि परत गालिच्यावर येऊन बसली.

आपल्याकडे पंखा सुरू ठेवून झाडू मारणारी मंडळी असतात ना, तोच प्रकार. फरक इतकाच की याला तिकीट होतं.

खेळ संपल्यावर बूथने त्या गृहस्थाला गाठलं आणि साधा प्रश्न विचारला. हवा फुंकण्याऐवजी ओढून का नाही घेत? तो माणूस चिडला. ते शक्यच नाही, सगळे प्रयत्न करून झालेत, असं सांगून त्याने विषय संपवला. खरं म्हणजे हवा ओढून साफसफाई करण्याचे प्रयत्न अमेरिकेत आधी झालेले होते. १८६० च्या दशकातच हाताने दांडा फिरवून चालवायची यंत्रं निघाली होती. पण एका हाताने दांडा फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने यंत्र ढकलायचं, असली ती कसरत. ती काही चालली नाहीत.

बूथच्या डोक्यातून प्रश्न जाईना. काही दिवस तो त्यावरच विचार करत राहिला. मग व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या एका रेस्टॉरंटमध्ये त्याने प्रयोग करून टाकला. खुर्चीच्या मखमली पाठीला तोंड लावलं आणि जीव खाऊन श्वास आत ओढला. ठसका लागून गुदमरायची वेळ आली. सांगणारे या गोष्टीत एक रुमालही घालतात. खुर्चीवर रुमाल ठेवून त्यातून श्वास ओढला आणि रुमाल उलटून बघितला, तर खालच्या बाजूला काळा डाग.

सभ्य लोकांच्या रेस्टॉरंटमध्ये एक सुटाबुटातला इंजिनिअर खुर्चीला तोंड लावून बसलाय आणि खोकतोय, हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. वेटरला काय वाटलं असेल?

पण त्या ठसक्यात सगळं मशीन होतं. फुफ्फुस म्हणजे पंप, रुमाल म्हणजे गाळणी. हवा आरपार जाईल आणि धूळ अडकेल असं कापड हवं, आणि हवा ओढणारा जोरदार पंप हवा. ३० ऑगस्ट १९०१ या तारखेचं पेटंट बूथच्या नावावर आहे.

आता अडचण पंपाची. त्या काळात लंडनमध्येही घरोघरी वीज नव्हती. छोटी मोटर हा प्रकार तर फारच लांब. एवढी हवा ओढायची तर पेट्रोलवर चालणारं इंजिन आणि त्याला जोडलेला पिस्टनचा पंप, दुसरा इलाज नव्हता. हे धूड जिना चढून दिवाणखान्यात येणार कसं?

पूल बांधणाऱ्या माणसाने पूल बांधणाऱ्यासारखंच उत्तर काढलं. मशीन येत नाही ना घरात? नको येऊ दे. मशीन खाली रस्त्यावर राहील, घरात फक्त पाइप जाईल.

आणि लंडनच्या रस्त्यावर ती वरात सुरू झाली. घोड्यांनी ओढलेली लाल रंगाची गाडी, तिच्यावर धडधडणारं इंजिन. गाडी इमारतीसमोर लागायची, गणवेश घातलेले कामगार खाली उतरायचे, लांबच लांब पाइप खिडक्यांतून आत सोडायचे आणि गालिचे, पडदे, सोफे साफ करायला लागायचे. या मशीनला लोकांनी पफिंग बिली असं नाव पाडलं. लालबागच्या एखाद्या चाळीसमोर अशी लाल गाडी लागली असती, गॅलरीतून पाइप वर चढले असते, तर बंब आला समजून अर्धी चाळ बादल्या घेऊन बाहेर धावली असती!

लंडनकरांची प्रतिक्रियाही काही फार वेगळी नव्हती. इंजिनाचा आवाज ऐकून भाड्याच्या बग्ग्यांचे घोडे बुजायचे. पोलिसांचं म्हणणं पडलं की सार्वजनिक रस्त्यावर असलं यंत्र चालवायचा अधिकारच बूथच्या कंपनीला नाही. प्रकरण कोर्टात गेलं. निकाल बूथच्या बाजूने लागला आणि गाड्या रस्त्यावर राहिल्या.

कामाच्या जोडीला बूथला धंद्याचंही अंग होतं. त्याने पाइपचा काही भाग पारदर्शक ठेवला. म्हणजे आपल्या स्वच्छ-सुंदर दिवाणखान्यातून काय काय निघतंय, ते घरच्या लोकांना डोळ्यांनी दिसायचं. झालं! उच्चभ्रू बायकांनी चहापानाचे बेत ठरवायला सुरुवात केली. मैत्रिणींना बोलवायचं, चहा प्यायचा आणि पाइपातून वाहत जाणारी आपली धूळ बघत बसायचं. आपल्याकडे हळदीकुंकवाला बायका जमतात, तशा तिकडे धूळ बघायला जमायला लागल्या. दुसऱ्याच्या घरातली धूळ बघायला तर कुठेही गर्दी होते.

बूथला खरा हात दिला तो राजाने. आणि हा राजा मुंबईकरांच्या चांगल्या ओळखीचा आहे.

काळा घोडा माहीत आहे ना? त्या भागाला ज्या पुतळ्यामुळे नाव पडलं, त्यात घोड्यावर बसलेला माणूस म्हणजे १८७५ मध्ये मुंबईला आलेला प्रिन्स ऑफ वेल्स. तो पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला आणि आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. हाच राजपुत्र पुढे सातवा एडवर्ड झाला. परळच्या केईएममधला ई म्हणजेही हाच एडवर्ड.

त्याचा राज्याभिषेक १९०२ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत व्हायचा होता. सिंहासनाखाली भलामोठा निळा गालिचा अंथरलेला. तयारीच्या धावपळीत त्यावरून इतके लोक गेले की तो पार मळला. उचलून, बाहेर नेऊन, काठ्यांनी झोडपून परत आणायला वेळ नव्हता. बूथची गाडी बोलावली गेली. पाइप अ‍ॅबीत शिरले आणि गालिचा जागच्या जागी साफ झाला. बातमी राजाच्या कानावर गेली. राजवाड्यात प्रात्यक्षिक झालं आणि बकिंगहॅम पॅलेस आणि विंडसर कॅसल अशा दोन ठिकाणांसाठी मशीनची ऑर्डर निघाली. राजाने घेतलं म्हटल्यावर सरदार-दरकदारांनी मागे राहायचं कारण नव्हतं.

एक किस्सा नेहमी सांगितला जातो. बूथच्या माणसांनी शाही टांकसाळ साफ केली आणि पिशवी रिकामी न करताच ते परत निघाले. वाटेत त्यांना अडवलं, कारण पिशवीतल्या धुळीत चांदीची भुकटी होती. टांकसाळीची धूळ ती, साधी कशी असेल?

पण या सगळ्या मौजेखाली एक गंभीर गोष्ट चालू होती. त्या काळात धूळ म्हणजे नुसती अस्वच्छता नव्हती, भीती होती. क्षय कशामुळे होतो ते विज्ञानाला नुकतंच समजलं होतं, त्यावर औषध मात्र नव्हतं. इकडे मुंबईत १८९६ पासून प्लेगने थैमान घातलं होतं. पालिकेची माणसं घरोघर शिरून भिंतींना चुना फासत होती, जंतुनाशक ओतत होती, गटारं धुवून काढत होती. प्लेग पिसवांमुळे पसरतो हे सगळ्यांच्या गळी उतरायला अजून वेळ होता. जगभर माणसं घाणीशी मिळेल त्या हत्याराने लढत होती. बूथचा पाइप हे त्यातलंच एक हत्यार.

त्याची मोठी परीक्षा पहिल्या महायुद्धात झाली. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेस या काचेच्या महाकाय इमारतीत नौदलाच्या जवानांना ठेवलं होतं आणि तिथे मेंदूज्वराची साथ पसरली. पोरं मरायला लागली. तिथल्या धुळीवर संशय गेला आणि बूथला बोलावलं. पंधरा मशीनं चार आठवडे चालत होती. जमिनीवरून, जिन्यांवरून, भिंतींवरून, छताच्या तुळयांवरून निघालेल्या धुळीचं वजन भरलं २६ टन. दोन-तीन मोठे ट्रक भरतील एवढी धूळ!

त्यानंतर साथ थांबली, असं बूथच्या चरित्रात हमखास लिहिलेलं असतं. इथे जरा थांबायला हवं. हा आजार प्रामुख्याने माणसाकडून माणसाला, खोकल्या-शिंकांतून आणि गर्दीत जवळजवळ झोपल्याने पसरतो, हे आज माहीत आहे. त्यामुळे साथ थांबल्याचं सगळं श्रेय मशीनच्या पदरात टाकणं बरोबर नाही. पण २६ टन धुळीत राहणाऱ्या पोरांच्या छातीला मोकळा श्वास मिळाला असेल, यात शंका नाही. गिरणगावात ज्यांच्या आजोबांनी कापसाचे तंतू छातीत घेऊन हयात काढली, त्यांना धूळ काय करते हे वेगळं सांगायला नको.

मग इतकं सगळं करून बूथचं नाव का राहिलं नाही?

कारण बूथ मशीन घरात नेण्याच्या मागे फारसा लागलाच नाही. त्याने विकली ती सेवा. गाडी येईल, माणसं येतील, साफ करून जातील. ब्रिटिश व्हॅक्यूम क्लीनर कंपनी हे त्याच्या कंपनीचं नाव. मोठ्या हॉटेलांत, दुकानांत, नाटकगृहांत तिचं काम जोरात होतं. पेटंटवरून खटले झाले, त्यातही तो झगडला. घरात नेता येईल असं ट्रॉलीवरचं मशीनही त्याने काढलं, पण ते इतकं जड आणि महाग होतं की नोकरचाकर असलेल्या घरांपुरतंच राहिलं.

गंमत बघा. आज अ‍ॅपवरून सोफा क्लीनिंग बुक केलं की एक मुलगा मशीन खांद्याला लावून दादरच्या चौथ्या मजल्यावर येतो, दोन तासांत काम करून जातो. बूथचा धंदा हाच होता. शंभर वर्षं आधी, घोड्यांसकट.

तिकडे अमेरिकेत ओहायोमध्ये जेम्स मरी स्पँगलर नावाचा एक माणूस दुकानात साफसफाईचं काम करायचा. त्याला दमा होता. झाडू मारला की छाती भरायची. नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा, एक पेटी आणि उशीचा अभ्रा एकत्र जोडून स्वतःपुरतं मशीन बनवलं. १९०८ मध्ये पेटंट मिळालं. या मशीनला लांब पाइप नव्हताच! मोटर, ब्रश आणि पिशवी सगळं एकाच दांड्यावर. रस्ता नको, घोडे नकोत, खिडकी नको.

स्पँगलरकडे पैसे नव्हते. त्याच्या नात्यातल्या सुझन हूव्हर यांनी मशीन वापरलं, आवडलं, आणि त्यांचे पती विल्यम हूव्हर यांनी हक्क विकत घेतले. या हूव्हरचा मूळ धंदा काय होता? घोड्यांचे खोगीर आणि लगाम! मोटारगाड्या आल्या होत्या, खोगिरांचे दिवस भरले होते, त्याला नवा धंदा हवाच होता. म्हणजे बूथच्या मशीनला बुजलेल्या घोड्यांचा सूड एका खोगीरवाल्याने घेतला म्हणायचं! पुढे इंग्लंडमध्ये, बूथच्याच देशात, घर साफ करण्याला हूव्हर करणं म्हणायला लागले. स्पँगलर तर १९१५ मध्येच वारला होता.

आता पाइप परत कसा आला? १९०८ मध्ये अ‍ॅक्सेल वेनर-ग्रेन नावाच्या स्वीडिश तरुणाने एका दुकानाच्या काचेत व्हॅक्यूम क्लीनर बघितला. शहर कुठलं? व्हिएन्ना. बूथचा पाळणा जिथे फिरत होता तेच. या तरुणाने पुढे इलेक्ट्रोलक्स उभी केली आणि १९२१ मध्ये मॉडेल फाइव्ह बाजारात आणलं. जमिनीवर घसरत जाणारं आडवं नळकांडं आणि त्याला हाताएवढ्या अंतरापर्यंत पोचणारा लवचीक पाइप. रस्त्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत जाणारा बूथचा पाइप आता दीड-दोन मीटरचा झाला. आपल्या माळ्यावरचं मशीन याच वंशातलं.

वेनर-ग्रेनने ते विकायची पद्धतही घरोघर जाऊन दाखवायची ठेवली. हाच वारसा मुंबईत आला १९८२ मध्ये, इलेक्ट्रोलक्सच्या सहकार्याने सुरू झालेल्या युरेका फोर्ब्जच्या रूपाने. टाय लावलेला विक्रेता दार वाजवायचा, आत यायचा, तुमच्याच गादीवरून नळी फिरवायचा आणि निघालेली पांढरी पूड काळ्या कापडावर पसरून दाखवायचा. आई लाजेने लाल! बूथचा पारदर्शक पाइप आणि हे काळं कापड, युक्ती एकच.

बूथला या सगळ्याची खंत होती का? तसं दिसत नाही. तो आपले पूल आणि लोखंडी बांधकामांची कामं करत राहिला. १९३० च्या दशकात त्याने व्हॅक्यूम क्लीनरचा जन्म कसा झाला यावर एक लेख न्यूकोमेन सोसायटी या तंत्रज्ञानाच्या इतिहासाच्या संस्थेत मांडला आणि खुर्चीला तोंड लावल्याची गोष्ट स्वतःच नोंदवून ठेवली. त्याच्या कंपनीने पुढे गॉब्लिन या नावाने घरगुती मशीनंही काढली. १४ जानेवारी १९५५ ला क्रॉयडनमध्ये तो गेला, वयाच्या ८३ व्या वर्षी.

आता आपला फाटका पाइप.

आधी एक समज डोक्यातून काढा. मशीन धूळ ओढत नाही. मशीन फक्त आतली हवा बाहेर फेकतं, त्यामुळे आत दाब कमी होतो, आणि बाहेरची हवा ती जागा भरायला आत घुसते. धूळ तिच्यासोबत जाते. हवेला जवळचा रस्ता मिळाला की ती लांबच्या रस्त्याने कशाला जाईल? पाइपला भोक पडलं की हवा तिथूनच घुसते आणि तोंडाशी, म्हणजे गादीपाशी, जोर उरत नाही. बूथच्या लांबलचक पाइपांची डोकेदुखी आणि आपल्या दीड मीटरची डोकेदुखी यात फरक फक्त लांबीचा.

म्हणून आधी तळहाताची परीक्षा. मशीन सुरू करा आणि पाइपच्या तोंडावर तळहात दाबा. पाइप धड असेल तर हात चिकटतो आणि मोटरचा आवाज चढतो. हात चिकटला नाही, आवाजही तसाच राहिला, तर मशीन बंद करा, पाइप काढा आणि आता हात थेट मशीनच्या भोकावर ठेवून बघा. इथे जोरात ओढलं तर मोटर ठणठणीत आहे, पाइप फाटलाय. इथेही ओढलं नाही तर पिशवी भरलेली किंवा फिल्टर तुंबलेला असतो. बिचाऱ्या मोटरवर शेवटी संशय घ्या. आणि आवाज चढतोय पण तोंडाशी ओढ नाही असं असेल तर पाइप फाटलेला नाही, तुंबलाय. त्यात मोजा, पेनाचं टोपण किंवा मागच्या दिवाळीची पणतीची वात सापडू शकते.

चीर बहुतेक वेळा दोनपैकी एका मानेवर असते. पाइप तिथेच रोज वाकतो. आपण मशीन पाइपला धरून कुत्र्यासारखं मागे ओढत नेतो, त्याचा सगळा ताण मानेवर येतो. पाइपवरच्या गोल गोल वळ्या शोभेसाठी नाहीत. त्या नसत्या तर बाहेरच्या हवेच्या दाबाने पाइप चपटा होऊन बंद झाला असता. वळीची तार तुटली की पाइप त्या जागी पिचकतो.

मानेपासून चार-सहा इंचांत चीर असेल तर नवा पाइपसुद्धा लागत नाही. प्लग काढा. टोकाची प्लास्टिकची मान बऱ्याच मशीनमध्ये वळ्यांवर आट्यांसारखी फिरवून बसवलेली असते. ती फिरवून काढा. एका बाजूने फिरली नाही तर दुसऱ्या बाजूने बघा, पुष्कळदा आटे उलटे असतात. फाटलेला तुकडा धारदार सुरीने वळीच्या खाचेतून कापा आणि मान परत फिरवून बसवा. पाइप थोडा आखूड होईल, इतकंच. मान चिकटवलेली असेल तर मात्र जबरदस्ती करू नका. आणि हँडलवर बटणं असतील किंवा तोंडाचा ब्रश विजेवर फिरत असेल, तर पाइपमधून वायरी गेलेल्या असतात. तिथे सुरी चालवायची नाही, त्या मॉडेलचा अख्खा पाइपच घ्यायचा.

चिकटपट्टी? दिवाळीची सफाई उरकण्यापुरती ठीक. पाइप वाकतो, पट्टी वाकत नाही. आठवड्यात सुटते आणि तिच्या डिंकाला धूळ चिकटते ते वेगळंच.

चीर मधोमध असेल तर नवा पाइप. इथे लोक चुकतात ते मापात. घरगुती मशीनचा पाइप आतून ३२ किंवा ३५ मिलिमीटर असणं नेहमीचं, पण डोळ्यांना हा फरक कळत नाही. तेव्हा फोटो दाखवून पाइप मागू नका, जुना पाइप दोन्ही मानांसकट पिशवीत घाला आणि दुकानात न्या. मशीनमध्ये बसणारं टोक सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक मॉडेलची खटक वेगळी असते. कंपनीचा तयार पाइप सर्व्हिस सेंटरवर मिळतो. मान शाबूत असेल तर नुसता पाइप घेऊन जुन्या माना त्यावर चढवता येतात, आणि त्यासाठी विजेच्या सामानाची लोहार चाळ किंवा हार्डवेअर आणि होज पाइपवाल्यांची नागदेवी स्ट्रीट, दोन्ही क्रॉफर्ड मार्केटपासून चालत जाण्याच्या अंतरावर. घ्यायच्या आधी पाइप हातात वाकवून बघा. वाकवल्यावर चपटा होत असेल तर परत ठेवा.

घरी आल्यावर मान पूर्ण फिरवून बसवा, शेवटची वळी आत गेली पाहिजे. पाइप मशीनमध्ये खटकन बसवा. प्लग लावा आणि पुन्हा एकदा तोंडावर तळहात ठेवा. हात चिकटला, आवाज चढला, की गादी उभी करा आणि कोपऱ्यापासून सुरुवात करा.